विषय: फिश टिक्का रोलमधलं अंडं आणि त्यावर चिकटवलेलं तुमचं स्टिकर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

काल तुमच्या कॉल सेंटरवर तिसऱ्यांदा बोलले आणि तिसऱ्यांदा 'फीडबॅक पुढे कळवते' ऐकलं. म्हणून आता लेखी.

रोलमध्ये मेयोनीज असतं आणि तुमच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला ते शनिवारी रात्री ओठ सुजून अंगभर गांधी उठल्यावर कळलं. वेष्टनावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण आहे, पण तो माशालाही असतो. अ‍ॅलर्जीची ओळ छापली आहे, मान्य. बरोबर तिच्यावर '२ घ्या, ३० रुपये वाचवा'चं पिवळं स्टिकर. कॅज्युअल्टीतून इंजेक्शन घेऊन घरी आल्यावर नखाने खरवडलं, तेव्हा खाली 'एग' दिसलं.

ही अ‍ॅलर्जी मला एकेचाळिसाव्या वर्षी झाली. तोवर रोज हाफ फ्राय खाणारी बाई मी. डॉक्टरांनी आधी विचारलं, घरात पक्षी आहेत का? होते, बाल्कनीत सहा बजरीगर. त्यांच्या पिसांच्या धुळीतल्या एका प्रथिनाला शरीर बिचकायला लागतं आणि तसंच प्रथिन अंड्याच्या बलकात असतं. शिजवलं की त्याचा जोर कमी होतो म्हणे. मेयोनीज शिजवतं कोण?

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. पलीकडे की-बोर्डची टकटक. मग एकदम विजयी आवाज:

'मॅम, पण सिस्टिमला दिसतंय, तुम्ही २०२२मध्ये एग पफ मागवलेत. चार वेळा.'

'तेव्हा अ‍ॅलर्जी नव्हती.'

'म्हणजे आता आहे?'

'हो.'

'पण मॅम, अ‍ॅलर्जी तर लहानपणापासून असते ना?'

मग अकरा मिनिटं होल्ड. परत येऊन म्हणते, 'सिनियर म्हणतायत, अंडं खाणाऱ्या कस्टमरला हा क्लेम बसत नाही.' अंडं खाणाऱ्या कस्टमरला! जसं काही चार पफ खाऊन मी फरार झाले होते आणि आज सापडले. त्या मुलीवर राग नाही, समोर लिहिलेलं ती वाचते. लिहून कोणी दिलं, ते तुम्ही शोधा.

२०२०च्या लेबलिंग नियमांनुसार अंडं असल्याचं वेष्टनावर जाहीर करावं लागतं. जाहीर करून वर स्टिकर मारायची सोय मला त्यात सापडली नाही. बारा वर्षं तुमचा पाव आमच्या घरी येतो, आणि तुम्हाला तीस रुपयांची जाहिरात लावायला तेवढीच जागा मिळाली?

आठ दिवसांत लेखी उत्तर द्या आणि दुकानांतल्या पाकिटांवरची स्टिकरं काढल्याचं कळवा. नाहीतर हे वेष्टन, स्टिकरसकट, अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल आणि मी ग्राहक आयोगाकडे. ते फ्रीजमध्ये पिशवीत जपून ठेवलंय.

शंभर रुपयांचं कूपन मिळालं. ते उघडलं की अ‍ॅप म्हणतं, 'खास तुमच्यासाठी: एग पफ.' ते तरी आधी काढा.

ठाणे
(सोबत: पावती, वेष्टनाचे फोटो, केसपेपरची प्रत)