दोषांसकट आवडणारी मेड्युसा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या राक्षसपटांविषयी जे लेखन वाचायला मिळते, त्यात बहुधा दोनच सूर असतात. एक बालपणाच्या आठवणींपोटी सारे माफ करणारा, तर दुसरा संगणकापूर्वीच्या करामतींची कीव करणारा. ग्रीक पुराणकथेवरचा १९८१ सालचा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हा चित्रपट मी अनेक वर्षांनी नुकताच पुन्हा पाहिला आणि या दोन्ही सुरांनी त्याच्यावर अन्याय होतो असे प्रकर्षाने वाटले, म्हणून हे पत्र.

लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर तो किती वेळा पाहिला याची गणती नाही. केसांच्या जागी साप असलेली आणि जिच्या नजरेने माणसाचा दगड होतो अशी राक्षसी म्हणजे मेड्युसा; तिच्या देवळाचा प्रसंग जवळ आला की मी उशी तोंडाशी धरत असे, पण डोळे मात्र मिटत नसे. आज त्यातले दोष स्पष्ट दिसतात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए, मॅगी स्मिथ, क्लेअर ब्लूम अशा रंगभूमीवरच्या मातब्बरांना देवदेवतांच्या भूमिकांत ऑलिम्पस या ग्रीक देवांच्या पर्वतावर एकत्र आणून दिग्दर्शक डेस्मंड डेव्हिस यांनी त्यांना खांबांपुढे उभे राहून बोलण्यापलीकडे फारसे काम दिलेले नाही. नायक पर्सियसला तलवार, ढाल, शिरस्त्राण असे सारे काही देवांकडून आयते मिळते, त्यामुळे त्याच्या धडपडीला वजन येत नाही. बुबो नावाचे यांत्रिक घुबड तेव्हा मला फार प्रिय होते; आता ते पडद्यावर आले की गांभीर्याला तडा जातो. पुराणकथेशी घेतलेली मोकळीक तर शीर्षकापासूनच सुरू होते, कारण ग्रीक कथांत टायटन म्हणजे देवांचा राजा झ्यूस याच्या आधीच्या पिढीचे देव, तर इथे ते नाव मेड्युसाला आणि क्राकेन या समुद्रराक्षसाला दिलेले आहे. आणि क्राकेन मुळात उत्तरेकडच्या नॉर्वेजियन दंतकथांतला, पर्सियस जिला वाचवतो त्या राजकन्या अँड्रोमेडाच्या कथेतला समुद्रराक्षस नव्हेच. मूळ कथेत मेड्युसाचे मस्तक धडावेगळे होताच पेगॅसस हा पंखांचा घोडा जन्माला येतो. चित्रपटात तो आधीपासूनच आहे आणि मेड्युसाच्या रक्तातून निघतात ते प्रचंड विंचू. हा बदल मात्र मला खटकत नाही, कारण तिच्या रक्ताच्या थेंबांतून लिबियाच्या वाळवंटातले साप उपजले ही कथाही प्राचीन आहे आणि विंचू तिच्या जातकुळीला शोभतात.

आता मेड्युसाविषयी. अंधारलेले देऊळ, आगीच्या उजेडात हलणारे खांब आणि शेपटीचा खुळखुळ आवाज. ती चालत नाही. हातांवर भार देऊन आपले सर्पाकृती धड जमिनीवरून ओढत येते, थांबते, धनुष्याला बाण लावते. हे सारे रे हॅरीहाउसेन यांच्या स्टॉप-मोशन पद्धतीने केलेले आहे. आत धातूचा सांधेदार सांगाडा आणि वर रबराची कातडी असलेली लहानशी बाहुली कणभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा कणभर हलवायची. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांच्या हालचालीसाठी २४० वेळा तिची मान, हात, शेपूट आणि केसांतला एकेक साप यांचा विचार करायचा, आणि हे सारे आधी चित्रित केलेल्या नटाच्या हालचालींशी जुळवायचे.

या पद्धतीवर नेहमीचा आक्षेप असतो तो हालचालीतल्या धक्क्यांचा. आक्षेप बरोबर आहे. जिवंत प्राणी कॅमेऱ्यापुढून वेगाने गेला की प्रत्येक फ्रेममध्ये तो किंचित पुसट उमटतो आणि त्या पुसटपणातूनच डोळ्याला ओघ जाणवतो; बाहुली मात्र प्रत्येक फ्रेममध्ये स्थिर असते, म्हणून रेखीव उमटते आणि ओघ तुटतो. पेगॅसस उडू लागला की हा दोष बोचतो, कारण घोड्याची चाल आपल्या ओळखीची असते आणि फरक लगेच कळतो. मेड्युसा कशी सरपटते हे मात्र कोणीच पाहिलेले नाही. तिथे तोच तुटकपणा तिचा स्वभाव होऊन बसतो. ही आपल्या जगातली नाही, हे मनाला पटण्याआधी डोळ्याला पटते. एकच उणीव एका प्रसंगाला दुबळे करते आणि दुसऱ्याला भयाण. हे मला लहानपणी कळणे शक्य नव्हते, पण भीती वाटत होती ती यामुळेच, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. म्हणून ‘आठवणींमुळे आवडतो’ हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. आठवणींचाच प्रभाव असता तर बुबोही आजपर्यंत आवडत राहिला असता.

१९२० साली जन्मलेल्या हॅरीहाउसेन यांनी १३ व्या वर्षी ‘किंग काँग’ पाहिला आणि त्यातल्या वानराला हलवणाऱ्या विलिस ओब्रायन यांच्याच हाताखाली पुढे १९४९ च्या ‘मायटी जो यंग’साठी काम केले. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हा त्यांचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट ठरला. २०१० साली त्याच कथेवर नवा चित्रपट आला आणि त्यातली मेड्युसा संगणकावर घडवलेली होती. तिची हालचाल सफाईदार आहे, पण ती मला एकदाही थबकून पाहावीशी वाटली नाही.

माझी विनंती एवढीच की, आपल्या चित्रपटविषयक पानांवर अशा जुन्या चित्रपटांविषयी लिहून येईल तेव्हा नट आणि दिग्दर्शक यांच्याबरोबर बाहुल्या हलवणाऱ्या कारागिरांची नावे आणि त्यांच्या कामाची रीतही सविस्तर छापली जावी. त्या देवळातल्या प्रसंगात संवाद जवळपास नाहीत, त्यामुळे इंग्रजी न येणारे मूलही तो पूर्ण समजून पाहू शकते. आणि ते धक्के कसे निर्माण होतात हे त्याला आधीच सांगून ठेवले, तरी मेड्युसा बाण लावते तेव्हा ते उशी जवळ ओढणारच, असा माझा विश्वास आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक