पौषात घर दाखवणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

आईचा कोथरूडचा फ्लॅट विकला त्याला महिना होईल. फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "बरं बरं, कुकर झालाय" म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

नोव्हेंबरअखेर तुमच्याकडे किल्ली देऊन नाशिकला निघालो, तेव्हा एजंट म्हणाला होता, "मार्गशीर्ष संपला की पौष. त्यात गॅलरी दक्षिणेला. पाडव्यापर्यंत विसरा." मला पटलंही होतं. तुम्ही म्हणालात, "पौषात लग्नं लावत नाहीत. घर बघायला काय जातं?"

तुमचा हट्ट एकच, घर दाखवायचं ते सकाळी दहा ते बारामध्ये. एजंट कुरकुरला, नोकरीवाल्यांना संध्याकाळच बरी पडते म्हणे. पण थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि त्या दोन तासांत ऊन गॅलरी ओलांडून पार टीव्हीच्या भिंतीपर्यंत येतं, हे तुम्ही तीस वर्षं बघत आलात. मे महिन्यात तेच ऊन डोक्यावरून जातं, घरात शिरतही नाही. गार जिन्यातून स्वेटर घालून आलेली माणसं त्या उन्हात उभी राहायची ती हलायचीच नाहीत. बाकी सामान आम्ही नेलं होतं, आईची आरामखुर्ची तेवढी तुम्ही तिथे ठेवायला लावलीत. सवाई गंधर्व महोत्सवाच्या रविवारीसुद्धा एका कुटुंबासाठी थांबलात. ते चहा पिऊन "कळवतो" म्हणाले, अजून कळवतायत.

एक मात्र सांगूनच टाकतो. जानेवारीत ज्या जोडप्याला घर आवडलं, त्यांना तुम्ही न विचारताच बेडरूमच्या खिडकीखालची भिंत दाखवलीत. "आत्ता ठणठणीत दिसते. जुलैत इथे ओल येते, एवढा पट्टा," म्हणून हाताने मापही दाखवलंत. एजंटाने लगेच मला फोन केला. दिवाळीत मी त्या भिंतीला मुद्दाम रंग मारून घेतला होता! रात्रभर मनातल्या मनात तुम्हाला नको नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: वॉटरप्रूफिंगचे चाळीस हजार कमी करा, घर पक्कं. थंडीत बघितलेली आधीची दोन घरं त्यांनी याच धास्तीने सोडली होती. "गळत नाही हो" असं तिथे दोघांनीही सांगितलं होतं.

विसार मात्र माघी गणेश जयंतीला. संक्रांत झाली म्हणजे पौष संपत नाही, हे मला त्यांच्या आजींकडून कळलं. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के पडतं, हेही त्यांना तुम्हीच सांगितलंत. बँकेला सोसायटीचं ना हरकत पत्र हवं होतं, त्यासाठी सेक्रेटरींकडे चार खेपा घातल्यात. हे वॉचमनने सांगितलं, तुम्ही नाही.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी मशीन आईच्या अंगठ्याचा ठसा घेईना. थंडीने कातडी कोरडी पडलेली, त्यात वय. मागे रांग, क्लार्क वैतागलेला. तुम्ही तिचा हात शालीत घेऊन चोळत बसलात. चौथ्या वेळी ठसा उमटला.

आरामखुर्ची तुम्हीच ठेवून घ्या, आईचा निरोप आहे. पाडव्याला तिला घेऊन येतो.

तुमचा,
समोरच्या घरातला