शाहू स्टेडियमचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.
फुटबॉल म्हटलं की पेपरात युरोपातल्या क्लबांची पानं भरतात, पण आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबद्दल सविस्तर कधी वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. १९४० साली केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) सुरू झाली तेव्हापासून इथला फुटबॉल पेठापेठांत आणि तालमीत वाढलाय. तालीम म्हणजे कुस्तीची जागा, पण आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल या तालमी फुटबॉलच्या टीम म्हणूनच जास्त ओळखल्या जातात, असं दुसरीकडे कुठं बघायला मिळत नाही हो! पाटाकडील-दिलबहार मॅच असली की मंगळवार पेठ एका बाजूला आणि रविवार पेठ दुसऱ्या बाजूला, दुपारच्या उन्हात दगडी पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसं, त्यात नातवाला घेऊन आलेले आजोबा पण असतात. याच गावातला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा आम्हाला किती अभिमान वाटला काय सांगू.
आता जुने खेळाडू एकेक करून थकत चाललेत. त्यांच्याकडचे फोटो, कात्रणं, आठवणी गोळा करून स्टेडियममध्येच एक खोली द्यावी आणि बायका-पोरींना निवांत बसून मॅच बघता येईल अशी वेगळी गॅलरी व टॉयलेटची चांगली सोय करावी, एवढीच मनापासून विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर