कुळव परत नेलात त्या दिवसाबद्दल

तीर्थस्वरूप आबा,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवील आणि तुम्ही मध्येच "बास कर रं" म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत ऐका. मोकळं रान कसं राखायचं ते तुम्ही मला शिकवलंत, त्याचे तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही सूनबाईंना चहा टाकायला सांगता आणि विषय म्हशीवर नेता. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथं तुम्हाला उठून जाता येणार नाही.

माझ्या वडिलांना, दादांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि मंगळवेढ्याच्या शिवारातलं आमचं पाच एकर काळं रान माझ्याकडं आलं. विहीर नाही, कॅनॉल नाही. वर्षाला एकच पीक, रब्बीची मालदांडी. ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चपासून थेट हस्त नक्षत्रापर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, रान मोकळं. तालुक्याला नोकरी करणाऱ्या मला वाटायचं, मोकळ्या रानाला काय बघायचं? पेरणीच्या आधी एकदा ट्रॅक्टर फिरवला की झालं.

पहिल्या वर्षी तेच केलं. जून-जुलैच्या पावसावर कुंदा, हरळी, कुरडू, काँग्रेस गवत असं सगळं तण कमरेला लागायला आलं, तेव्हा लाजेकाजेस्तव रोटाव्हेटर बोलावला. माती ओली होती, पण ट्रॅक्टरमालक म्हणाला होतंय. दोन तासांत रान कसं भुसभुशीत! फोटो काढून भावाला पाठवला. तुम्ही बांधावर उभे होतात. काही बोलला नाहीत, आणि बोलला असतात तरी मी ऐकलं नसतं.

पंधरा दिवसांनी गेले तर जिथं हरळीचा एक ठोंब होता तिथं वीस. बोटाएवढ्या तुकड्याला एक डोळा असला तरी हरळी फुटते. मी तिचे हजार तुकडे करून ओल्या मातीत सारखे पसरून दिले होते. पैसे मोजून हरळीची लागवड करणारी आपल्या गावात मी एकटीच असेन.

मग ऑगस्टात पावसानं उघडीप दिली. तीन आठवडे थेंब नाही. एका संध्याकाळी तुम्ही खोरं घेऊन आलात आणि "चल" एवढंच म्हणालात. आधी माझ्या रानात, कुंद्याच्या ठोंबाशेजारी खणलंत. वीतभर खाली माती कोरडी ठणठणीत, ढेकूळ फोडलं तर आतून करड्या धुळीसारखं. भेगा इतक्या की माझी पूर्ण करंगळी आत गेली. मग बांध ओलांडून तुमच्या रानात नेलंत. कुळवाच्या, म्हणजे मातीखालून तण कापत जाणाऱ्या बैलांच्या औजाराच्या, तीन पाळ्या झालेलं रान, वर गवताची काडी नाही, नुसती सैल माती. ती हातानं बाजूला केलीत तर चार बोटांवर ओल लागली. काळीभोर, थंड. मुठीत धरली तर बोटांचे ठसे उमटले. दोन्ही रानांत पाऊस एकच पडला होता, मध्ये फक्त बांध.

"पोरी, रान मोकळं हाय म्हंजी रिकामं न्हाय," तुम्ही म्हणालात. "तुझ्या ज्वारीचं पाणी ह्यो कुंदा आत्ताच पिऊन बसलाय."

मला शाळेत कुणी हे असं दाखवलं नव्हतं. आपल्याकडं पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. ज्वारी पेरल्यावर तर बहुधा पडतच नाही. खोल काळ्या मातीनं पावसाळाभर पोटात धरलेली ओल, तेवढ्यावरच ज्वारीची ताटं दाण्यापर्यंत जातात. म्हणजे आपण ज्वारी ऑक्टोबरात पेरतो, पण तिची पाणपट्टी जूनपासून भरायची असते, हे मला त्या खड्ड्याशी बसल्यावर कळलं. त्या वर्षी एकरी दोन पोती झाली. कडबा इतका बुटका की पेंढी बांधायची मजुरी अंगावर आली.

पुढचं सगळं तुमच्या म्हणण्यानं केलं. ज्वारी निघताच नांगरट, ढेकळं उन्हाळाभर तशीच तापत पडू दिली. हरळीच्या मुळ्या वर आल्या, उन्हानं वाळून दोऱ्यासारख्या झाल्या, त्या वेचून बांधावर जाळल्या. कुंद्याला नांगर पुरला नाही. ओढ्याकडच्या तुकड्यात तुम्ही, मी आणि आई कुदळी घेऊन खणत बसलो, आणि तुम्ही वयानं सत्तरीच्या पुढचे असून माझ्याआधी एकदाही थांबला नाहीत. लव्हाळा मात्र आहे तसाच आहे. त्याच्या गाठी खाली माळेसारख्या ओवलेल्या असतात, एक उपटावी तर दुसरी तुटून मागं राहते. त्या बाबतीत तुम्हीही हात टेकलेत, हे इथं लिहून ठेवते.

दुकानदारानं ग्लायफोसेट हे तणनाशक मारायला सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही पानावरून बोट फिरवून मला दाखवलंत, बोटाला धूळ. "धुरळ्यावर औषध पडून काय उपेग?" पुढं वाचलं तर ते औषध मातीला चिकटून निकामी होतं हे खरंच आहे. शिवाय 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंध घातले, ते प्रशिक्षित फवारणीवाल्यांकडूनच मारून घ्यायचं म्हणून. मी त्या वाटेला गेले नाही. तुमचे बैल तेव्हा माझ्याच बांधावर चरायचे, हेही एक कारण.

आता तो दिवस. मृगानंतरची पहिली पाळी झाली होती, तण परत दोन-दोन पानांवर आलं होतं. पुष्याचा पाऊस झाला आणि मी ऑफिसात रजा टाकून तुम्हाला निरोप धाडला. सकाळी सहाला तुम्ही बैल घेऊन दोन किलोमीटर चालत आलात. बांधावर थांबलात. वाकून माती उचलली, मुठीत दाबून गोळा केलात आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडून दिलात. गोळा खाली पडून तसाच राहिला.

"न्हाय पोरी. वाफसा न्हाय."

वाफसा, म्हणजे मशागतीला हवी तेवढीच ओल, अजून आलेला नव्हता. आणि बैल वळवलेत! मी चिडले होते, आता सांगायला हरकत नाही. रजा वाया गेली म्हणून पुटपुटले, ते तुम्ही ऐकलंत बहुतेक. ओल्यात कुळव घातला तर तण मरत नाही, फासाबरोबर, म्हणजे कुळवाच्या पात्याबरोबर, फरफटत जाऊन पुढं पुन्हा रुजतं, आणि माती मळून तिची ढेकळं होतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही न बोलावता आलात. पुन्हा गोळा. या वेळी जमिनीला लागताच फुटून पसरला. आई लगबगीनं कुळवाच्या पुढं घोळ आणि तांदुळजा खुडत चालली होती (भाजी सोडायची नाही, हा तिचा बाणा), मागं फास सरसर मातीखालून जात होता. दुपारच्या उन्हात तण माना टाकून पडलं होतं. परत जाण्याच्या खेपेचे पैसे तुम्ही आजतागायत घेतलेले नाहीत.

खरं सांगू, मी आभार मानतेय ते केलेल्या पाळ्यांपेक्षा त्या न केलेल्या पाळीसाठी. भाड्यानं आलेला कुणीही ती पाळी मारून पैसे घेऊन गेला असता. मला फरकही कळला नसता.

हस्तात पेरलं. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात ओळींमधली कोळपणी, आठव्याला दातेरी कोळपं घालून भेगा बुजवल्या. डिसेंबरात शेजारची ज्वारी खालून पिवळी पडत होती, तेव्हा माझी पोटऱ्यात (कणीस पानाच्या कोषात) होती तशीच हिरवी निसवली, कणसं बाहेर आली. एकरी साडेपाच पोती झाली. हुरड्याला दादांना खुर्चीत बसवून रानात आणलं, ते तुम्ही पाहिलंतच.

सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 पासून आहे. खरिपात रान मोकळं असताना पावसानंतर कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारा, ओल राखा, हे तिथलीही माणसं सांगत आली आहेत. नातवाला हे दोनदा वाचायला सांगा.

दिवाळीत तुम्ही बैल विकलेत. चाऱ्याचं आणि गुडघ्यांचं कारण सांगितलंत, मी पुढं विचारलं नाही. कुळव मात्र विकू नका, मला द्या. फासाला धार लावून घेते, हाताशी धरायचं रुमणं जुनंच राहू दे. पलीकडच्या वाडीतली एक बैलजोडी ठरवली आहे. मृगाचा पाऊस झाला की बैलवाला सकाळी सहाला येईल. त्याला सांगून ठेवलंय, आबा बांधावर येऊन मातीचा गोळा टाकून बघेपर्यंत बैल रानात घालायचे नाहीत.

आपली,
बांधापलीकडची पोर