बसच्या पाटीवरचे मराठी नाव वाचता आले पाहिजे : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बसच्या एलईडी फलकांसाठी मराठीचा प्रमाणित ठिपके-अक्षरसंच तयार करून घेणे व तो निविदांमध्ये बंधनकारक करणे

महोदय,
सादर नमस्कार.

मी नवी मुंबईत राहते आणि अक्षररचना हा माझा व्यवसाय आहे. ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर रंगवलेल्या पाट्यांच्या जागी एलईडीचे फलक आले, याचे मला मनापासून स्वागत आहे. ते अंधारात आणि पावसात दुरून दिसतात, मार्ग बदलला की नावही बदलता येते. मात्र यातल्या अनेक फलकांवरचे मराठी नाव बस अगदी पुढ्यात येऊन थांबेपर्यंत लागत नाही. दोष दिव्यांचा नाही, त्या दिव्यांवर बसवलेल्या अक्षरांचा आहे.

फलकावरचा एकेक दिवा म्हणजे एक ठिपका. रोमन लिपीचे मोठे अक्षर पाच ठिपके रुंद आणि सात ठिपके उंच अशा चौकटीत स्वच्छ बसते. देवनागरीला एवढ्यात भागत नाही, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना स्वतंत्र जागा लागते. ठिपक्यांच्या 16 आडव्या ओळी असलेल्या फलकावर वर चार ओळी, शिरोरेषेची एक, अक्षराच्या अंगाला आठ आणि उकारांना तीन, असा हिशेब मी मांडते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पी-10 पट्टीत दोन ठिपक्यांमध्ये 10 मिलिमीटर अंतर असते, म्हणजे 160 मिलिमीटर उंचीच्या फलकावर मराठी अक्षराचे अंग जेमतेम 80 मिलिमीटरचे उरते. त्याच फलकाचे वर-खाली दोन भाग करून एका भागात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी दाखवायचे ठरले, की मराठीच्या वाट्याला आठच ओळी येतात आणि मात्रा-उकारांची छाटणी अटळ होते.

आपण ‘तुर्भे’ हे एकच नाव पाहावे. ‘त’खाली उकार आहे, तर ‘भ’च्या डोक्यावर रफार आणि मात्रा दोन्ही आहेत. ती दोन चिन्हे एकमेकांना चिकटली की वर नुसता उजेडाचा गोळा दिसतो. शिवाय ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा आहे. ही फट एका ठिपक्याची ठेवली, तर रात्री शेजारच्या पेटलेल्या ठिपक्यांचा उजेड तिच्यावर सांडतो, ती दुरून बुजते आणि ‘तुर्भे’चे ‘तुर्मे’ होते. म्हणून फट दोन ठिपक्यांची हवी, मग त्यासाठी अक्षर एका ठिपक्याने रुंद करावे लागले तरी चालेल. ‘घणसोली’तल्या ‘घ’चा ‘ध’ होऊ नये आणि ‘बेलापूर’मधल्या ‘ब’च्या पोटातली रेघ भरून जाऊ नये, यासाठीही असाच एकेक ठिपका हाताने लावावा लागतो. छपाईसाठी काढलेला फाँट यंत्राने लहान करून फलकावर टाकला, तर हे निर्णय कोणीच घेतलेले नसतात.

दुसरी अडचण संगणकीय आहे. ‘दिघा’ लिहिताना संगणक आधी ‘द’ आणि नंतर वेलांटी साठवतो. दाखवताना मात्र ती ‘द’च्या आधी आणावी लागते. फलक चालवणाऱ्या नियंत्रक यंत्राला हे येत नसेल, तर वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि ‘मुंब्रा’सारख्या नावातले जोडाक्षर हलन्तासह सुटे होते. याला सोपा उपाय आहे: आगारातल्या संगणकावरच नाव नीट जुळवून ते ठिपक्यांचे चित्र म्हणून फलकाकडे पाठवावे.

नाव सरकते ठेवून ही अडचण सुटत नाही. थांब्यावर संध्याकाळी तीन बस एकामागे एक येतात, तेव्हा मोतीबिंदू झालेल्या आजी फलकावरून अर्धे नाव सरकून जाताना पाहतात आणि शेवटी कंडक्टरलाच विचारतात, “दादा, तुर्भ्याला जाते का?” ज्यांना फक्त मराठी वाचता येते, त्यांना इंग्रजी नावाचा आधारही नसतो.

जपानने हा प्रश्न शासनाच्या पातळीवर हाताळला. पडद्यांवर दाखवायच्या अक्षरांसाठी 16 ठिपक्यांच्या चौकटीतले नमुने त्यांनी 1984 मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून ठरवून दिले, आणि त्यात देवनागरीहून कितीतरी गुंतागुंतीची कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे होती. आपल्याकडे तर माणसे हाताशी आहेत. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फाँट घडवणारे र. कृ. जोशी मुंबईतच काम करत होते, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवली जाते, आणि मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फाँट मुंबईतल्या एक टाइप या संस्थेने दिले आहेत.

माझी विनंती अशी की, आपल्या विभागाने मराठी भाषा विभागाच्या सोबतीने 16 आणि 24 ओळींचा मराठी ठिपके-अक्षरसंच हाताने आखून घ्यावा. त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असावेत, ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असावेत, आणि तो कोणत्याही उत्पादकाला विनामूल्य वापरता यावा. महापालिकांच्या परिवहन सेवांना आणि एसटीला फलकांच्या प्रत्येक निविदेत त्याची अट घालायला सांगावे. मराठी आणि इंग्रजी नावे आलटून-पालटून, पूर्ण उंचीत आणि स्थिर दाखवावीत. फलक ताब्यात घेण्यापूर्वी तुर्भे, मुंब्रा, दिघा, घणसोली, कोपरखैरणे, कासारवडवली ही नावे रात्री थांब्यावर उभ्या असलेल्या ज्येष्ठ प्रवाशांकडून वाचून घ्यावीत आणि ती वाचता आली नाहीत तर फलक परत पाठवावा. या कामासाठी 16 ओळींचा कच्चा आराखडा मी विनामूल्य देण्यास तयार आहे.

आपली नम्र,
एक अक्षररचनाकार
कोपरखैरणे, नवी मुंबई