कॅलिफोर्नियाची उघडी दारे

माननीय संपादक महोदय,

अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे नामांकित विद्यापीठांचीच चर्चा होते. कॅलिफोर्निया राज्यातील ११६ कम्युनिटी कॉलेजांकडे, म्हणजे प्रामुख्याने दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयांकडे, मात्र फारसे लक्ष जात नाही, याची खंत वाटते. १९०७ च्या कायद्याने तेथील माध्यमिक शाळांना पुढील शिक्षणाचे वर्ग चालवण्याची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो या शेतीप्रधान भागातील गावी असे पहिले वर्ग भरले. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या आराखड्याने ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’ या मुख्य विद्यापीठासाठी गुणानुक्रमे वरचे एक अष्टमांश विद्यार्थी पात्र ठरवले, परंतु शिक्षणाचा लाभ घेऊ शकणाऱ्या कोणालाही या महाविद्यालयांनी परत पाठवू नये, असा दंडक घातला. येथे दोन वर्षे शिकून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येते, ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यामुळे शाळेतील गुणांपाशीच कोणाचे आयुष्य अडून राहत नाही. परिचर्या, वाहनदुरुस्ती, अग्निशमन यांचे शिक्षणही तेथेच मिळते. १९८४ मध्ये राज्यातील रहिवाशांना शुल्क लागू झाले. गरजूंना आजही माफी मिळत असली, तरी मूळ हेतूला त्याने धक्का बसला, असे माझे स्पष्ट मत आहे.

– एक वाचक, पुणे