शनिवारी रेडिओथेरपीच्या क्लिनिकल ऑडिटची (उपचार नीट होतात का त्या तपासणीची) मीटिंग, सगळ्यांनी यायचंय

मंडळी, येत्या शनिवारी दुपारी ३ ला आपल्या प्लॅनिंग रूममध्ये जमायचंय, डॉक्टर, फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट, नर्सिंग सगळेच, कारण हे नुसतं मशीनचं क्यूए (गुणवत्ता तपासणी) नाही, आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या) क्वाट्रो या ऑडिट पद्धतीत पेशंट पहिल्यांदा आल्यापासून फॉलोअपपर्यंत सगळं बघतात.

- प्रत्येकी ५ पूर्ण झालेल्या केसेस आणा, पेशंटचं नाव-नंबर झाकूनच.
- फिजिक्सवाल्यांनो, मशीनच्या रोजच्या आउटपुटचं (ते किती रेडिएशन देतं त्याचं) रजिस्टर आणा. ३ टक्क्यांच्या वर फरक आला त्या दिवशी काय केलं ते लिहिलंय ना?

मागच्या वेळी एका चार्टवर टेबल शिफ्ट (पेशंटचं टेबल किती सरकवायचं तो आकडा) पेन्सिलने खोडून नवा लिहिलेला, खाली सही नाही. असं चालणार नाही, पेशंट आपल्या भरवशावर झोपतो तिथे. चूक सापडली तर कुणाला बोलणी बसणार नाहीत, मोकळेपणाने सांगा.

कर्वे रोडने येणाऱ्यांनी जरा लवकर निघा.